मोडलेल्या घराचा हिशेब

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. दोन्ही कामांत माणसाचा कस लागतो. पण घर मोडून पाहावे, असे कोणी म्हणत नाही. मोडायला काय लागते? पहार घातली, की भिंत पडली. चार ट्रॅक्टर भरले, की जागा मोकळी झाली. मोडण्यात कसली आली अक्कल?

आम्हाला वाटते, मोडण्यातही अक्कल लागते. बांधताना लागते तेवढीच लागते. घर कसे मोडावे, मोडलेल्या घरातून काय काय निघते, त्याचे काय करावे आणि काय मुळीच करू नये, ते या पाठात पाहू.

आज गावोगाव जुनी घरे उतरत आहेत. कुणाला घरकुल मंजूर झाले आहे. कुणाचा मुलगा शहरात कमावतो, त्याला गावात स्लॅबचे घर हवे आहे. कुणाच्या भिंतीला लोणा लागला आहे, पावसाळ्यात ती कधी बसेल याचा नेम नाही. घर नवे हवे, यात वावगे काही नाही. नव्या घराचा हिशेब सगळेच करतात. सिमेंट किती, सळई किती, गवंड्याची मजुरी किती. जुन्या घराचा हिशेब मात्र कुणी करत नाही.

राडारोडा म्हणजे काय?

घर मोडले की जे पडते, त्याला आपण राडारोडा म्हणतो. हा शब्द नीट पाहा. राडा म्हणजे चिखल. रोडा म्हणजे विटेचा तुकडा. नावातच सगळे आले. दोन्ही एकत्र कालवले, की राडारोडा होतो. वेगळे ठेवले, तर माती ती माती आणि वीट ती वीट.

माती कामाची आहे. वीटही कामाची आहे. दोन्ही मिसळल्या, तर कशाचाच उपयोग नाही. डाळ आणि तांदूळ मिसळले तर खिचडी तरी होते. विटा, माती, काच, वायर आणि पत्रा मिसळला, तर त्याची खिचडीही होत नाही. या पाठात सांगायचे ते मुख्यतः एवढेच आहे. बाकीचे सगळे यातून निघते.

दोन भावांची गोष्ट

समजा, एका गावात दोन भाऊ आहेत. बापाच्या घराची वाटणी झाली. अर्धे घर थोरल्याला आले, अर्धे धाकट्याला. घर एकच. खाली दगडाचे जोते. पुढच्या भिंती चुन्यात बांधलेल्या विटांच्या. मागच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. वर सागाच्या तुळया आणि मंगलोरी कौले. पुढे पडवीवर अलीकडे घातलेला स्लॅब. मागे न्हाणीवर सिमेंटचे पत्रे. दोघांनाही घर नवे बांधायचे आहे.

थोरला म्हणाला, "आपल्याला काय एवढा वेळ नाही. पावसाच्या आत जोतं वर आलं पाहिजे." त्याने जेसीबी बोलावला. सकाळी काम सुरू झाले आणि दुपारी अर्धे घर भुईसपाट झाले. कौले फुटली. तुळया मोडल्या. विटा, माती, काचा, वायरी, पत्र्याचे तुकडे, सगळे एकात एक कालवले गेले. त्या ढिगात हात घालायची सोय राहिली नाही. मग खालच्या वस्तीतले चार गडी लावून ट्रॅक्टर भरले आणि गावाखालच्या ओढ्यात नेऊन ओतले. ओढा कोरडाच होता. कुणी काही बोलले नाही.

धाकट्याच्या बायकोने एक गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "ही तुळई मामंजींनी बैलगाडीनं आणली होती. मोडू नका, उतरवा." धाकट्याने विचार केला, तुळई उतरवायची तर आधी कौले उतरवली पाहिजेत. कौले उतरवायची, तर वर माणूस चढला पाहिजे. अशी एकातून एक गोष्ट निघाली आणि त्याने सगळे घरच हाताने उतरवायचे ठरवले.

काम पंधरा दिवस चालले. मजुरी गेली. लोक हसले. "घर पाडतोस का घराला न्हाऊ घालतोस?" असे विचारू लागले. थोरल्याचे जोते वर आले, तेव्हा धाकट्याच्या भिंती अजून निम्म्या उभ्याच होत्या. त्याला स्वतःलाही वाटले, की आपण चुकलो की काय.

तो चुकला की नाही, ते पुढे पाहू. आधी त्याने काय केले, ते पाहू.

वरून खाली

घर बांधताना आपण खालून वर जातो. मोडताना वरून खाली यायचे. आधी विजेच्या माणसाला बोलावून वीज तोडून घ्यावी. मग कौले. मग रिपा आणि वासे. मग तुळया. मग भिंती, त्याही वरच्या थरापासून खाली, चारही बाजूंनी सारख्या.

भिंतीला खालून खणून ती ओढून पाडण्याची काहींना सवय असते. ही सवय जिवावर बेतते. भिंत कोणत्या बाजूला पडेल, हे भिंतीशिवाय कुणालाच ठाऊक नसते. ओली झालेली मातीची भिंत तर धक्का न लागताही बसते. म्हणून घर पाडायचे काम भर पावसाळ्यात काढू नये. शेजाऱ्याची आणि आपली भिंत एकच असेल, तर त्याला आधी सांगावे. त्याच्या घरात माणसे झोपलेली असताना आपण या बाजूने पहार मारू नये. मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये.

धुळीचीही गोष्ट लक्षात ठेवा. दगड, वीट आणि सिमेंट फोडताना जी बारीक धूळ उडते, ती डोळ्यांना दिसते त्याहून बारीक असते. ती छातीत जाऊन बसते आणि परत बाहेर येत नाही. वर्षानुवर्षे ही धूळ खाणाऱ्या माणसाची फुप्फुसे कडक होतात. त्याला दम लागतो. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो एकदा जडला, की बरा करणारे औषध नाही. उपाय एकच, धूळ उडू न देणे. फोडण्याआधी पाणी शिंपडावे, फोडतानाही शिंपडावे. तोंडाला नुसता टॉवेल बांधला, तर बारीक धूळ आतून जातेच. धुळीसाठीचा चांगला मास्क दुकानात मिळतो, तो बांधावा. गड्यांसाठीही आणावा. छाती मालकाची आणि गड्याची सारखीच असते.

सहा ढीग आणि एक कोपरा

धाकट्याने अंगणात सहा ढीग केले आणि एक कोपरा वेगळा ठेवला. प्रत्येक वस्तू घरातून निघाली, की थेट आपल्या ढिगात गेली. एकदा मिसळून मग निवडायचे म्हटले, तर दुप्पट मजुरी लागते. म्हणून निघतानाच वेगळे करायचे.

पहिला ढीग लाकडाचा. तुळया, खांब, वासे, दारे, चौकटी. त्यांचे खिळे काढून घ्यावेत. वाळवी लागली आहे का, ते ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला, तर आत वाळवी फिरली आहे. चांगला जुना साग नव्या लाकडाहून सरस असतो. त्याला जेवढे वाळायचे आणि वाकायचे होते, तेवढे तो वाळून-वाकून बसलेला असतो. धाकट्याच्या तुळईतून नव्या घराच्या दोन चौकटी निघाल्या. रंग दिलेले जुने लाकूड मात्र चुलीत घालू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते. ते धुरात मिसळते आणि लहान मुलांना फार बाधते.

दुसरा ढीग लोखंडाचा. गज, कड्या, बिजागऱ्या, पत्रे, स्लॅबमधून निघालेल्या सळया. हे भंगारवाला घेतो, रोख पैसे देतो. पण जुनी, वाकलेली सळई सरळ करून नव्या स्लॅबला वापरू नका. गंजलेली आणि वाकवून परत सरळ केलेली सळई भरवशाची राहत नाही. ती वितळून नवी झाली, तरच नवी.

तिसरा ढीग विटांचा आणि कौलांचा. मातीत किंवा चुन्यात बांधलेली वीट हलक्या हाताने सुटते. करणीने खरवडली, की स्वच्छ होते. सिमेंटमध्ये बांधलेली वीट सुटत नाही. सिमेंट धरून ठेवते आणि वीट मोडते. साबूत वीट निवडायची असेल, तर दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहा. खणखणीत वाजली ती चांगली, बद्द वाजली ती बाजूला. चांगल्या विटा भिजवून पुन्हा वापरता येतात. कुंपणाची भिंत, गोठा, न्हाणी, फरशीखालचा थर, अशा कामाला त्या उत्तम. घराचा भार पेलणाऱ्या भिंतीत वापरायच्या असतील, तर आधी जाणत्या गवंड्याला दाखवाव्यात.

चौथा ढीग दगडाचा. दगडाला म्हातारपण नाही. जोत्याचा दगड पुन्हा जोत्यात जातो. उरला तर शेताच्या बांधाला जातो. पण एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारीच्या बाजूला भूकंप झाला. हजारो माणसे झोपेतच गेली. तिथल्या घरांच्या भिंती जाड दगडांच्या होत्या, दगड नुसत्या मातीत बसवले होते आणि वर मातीच्या माळवदाचे मोठे ओझे होते. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांना बांधलेले नव्हते. जमीन हलली, तशा भिंती सुटल्या. यात दगडाचा दोष नव्हता, बांधणीचा होता. म्हणून जुना दगड वापरा, पण जुन्या रीतीने रचू नका. भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड मधून मधून घाला, चांगला मसाला वापरा आणि भिंतीला चारही बाजूंनी काँक्रीटचा पट्टा बांधा.

पाचवा ढीग मातीचा. आपल्या जुन्या लोकांनी जमिनीचे दोन भाग केले होते. शेत ती काळी, गावठाण ती पांढरी. काळी पिकवते, पांढरी वसवते. ही पांढरी माती भिजवून, तुडवून पुन्हा भिंतीला वापरता येते. जोत्यात भरायलाही चालते. काही शेतकरी ती शेतात खत म्हणून पसरतात, कारण जुन्या वस्तीच्या मातीत पिकाला लागणारा कस असतो. मात्र त्या मातीत क्षारही असतात. म्हणून ती शेतात टाकायची, तर पातळ पसरावी, ढीग करून टाकू नये. आणि तीत काच, खिळा, चुन्याचे ढेकूळ किंवा सिमेंट असता कामा नये. काचेने बैलाचा पाय कापतो, बाईचा हात कापतो. आणि शेतात एकदा गेलेली काच निवडून काढायला जन्म पुरत नाही.

सहावा ढीग सिमेंटचा. फोडलेला स्लॅब, कोबा, गिलावा. घणाने फोडून आधी सळई वेगळी काढावी. उरलेल्या तुकड्यांचा भराव होतो. जोत्यात तो सहा-सहा इंचांच्या थराने भरावा, पाणी मारावे आणि धुमसाने चोपावा. सगळा एकदम ओतला, तर पुढे खचतो आणि फरशी बसते. भरावात लाकडाची ढलपी राहू देऊ नये. ती वाळवीला दिलेले आमंत्रणच आहे.

आता उरला तो कोपरा. या कोपऱ्यात काचा, ट्यूबलाइट, वायरी आणि न्हाणीवरचे सिमेंटचे पत्रे ठेवले. या पत्र्यांबद्दल नीट वाचा. पुष्कळ सिमेंटच्या पत्र्यांत अस्बेस्टॉस नावाच्या दगडाचे तंतू असतात. पत्रा साबूत आहे तोवर ते आत अडकलेले राहतात. पत्रा फुटला, कापला, घासला, की ते हवेत सुटतात आणि श्वासाबरोबर छातीत जातात. त्यातून कर्करोगही होतो. तो आज होत नाही. वीस, तीस, चाळीस वर्षांनी होतो. म्हणून माणसाला त्याची भीती वाटत नाही.

तेव्हा सिमेंटचा पत्रा फेकून फोडू नये. आधी पाण्याने भिजवावा. आकडे ढिले करून अख्खा उतरवावा. त्याचा चुरा करून वाटेवर, गोठ्यात किंवा जोत्यात भरू नये. तुकडे झालेच, तर ओले असतानाच जाड प्लास्टिकमध्ये बांधून ठेवावेत आणि ते कुठे द्यायचे, हे ग्रामपंचायतीला विचारावे. मुलांना त्या तुकड्यांनी खेळू देऊ नये.

कशाचे पुन्हा काय होते?

धाकट्याचे ढीग पाहून एक म्हातारा म्हणाला, "समद्या वस्तू परत जात्यात रे, पर आपापल्या वाटंनं." म्हातारा खरे बोलला. लोखंड वितळले, की पुन्हा लोखंड होते, कितीही वेळा. कच्ची माती भिजवली, की पुन्हा माती होते. दगड तर दगडच राहतो. तुळईची चौकट होते, चौकटीची फळी होते, फळीचा पाट होतो.

पण भाजलेल्या विटेची पुन्हा माती होत नाही. फार तर तिची पूड होते. पूर्वी ही पूड चुन्यात मिसळत. तिला सुरखी म्हणत. आणि सिमेंटचे पुन्हा सिमेंट होत नाही. पाणी लागून एकदा ते घट्ट झाले, की झाले. फोडून त्याची खडी होईल, वाळू होईल, सिमेंट होणार नाही. म्हणजे जी वस्तू परत जात नाही, ती जपून वापरावी, आणि मोडली तरी तिचा तुकडा वाया घालवू नये.

नुकसान कसे होते, त्याचा हिशेब करून पाहा. दहा फूट लांब, दहा फूट उंच आणि नऊ इंच जाड अशा भिंतीला सुमारे १,००० विटा लागतात. मोडताना निम्म्या फुटल्या, तरी ५०० हाती लागतात. एक वीट साधारण तीन किलोची धरा. ५०० विटा म्हणजे दीड टन झाल्या. एवढ्या विटा नव्या पाडायच्या, तर तेवढी माती कुणाच्या तरी शेतातून निघणार. तीही वरची, कसदार माती. शिवाय त्या भाजायला कोळसा किंवा लाकूड जळणार. वाळूचेही तसेच आहे. नदीतून वाळू उपसली, की काठच्या विहिरींचे पाणी खाली जाते. खडीसाठी डोंगर फुटतो. आपण ओढ्यात ओतलेला प्रत्येक ट्रॅक्टर दुसरीकडे कुठे तरी खड्डा पाडतो.

शहरांत काय करतात?

हा प्रश्न एकट्या खेड्याचा नाही. दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले, तेव्हा जर्मनीतली शहरेच्या शहरे ढिगारे होऊन पडली होती. तिथल्या बायकांनी रांगा करून विटा हातोहात दिल्या, त्यांचा मसाला खरवडला आणि त्या पुन्हा बांधकामाला लावल्या. बर्लिन शहरात जो राडारोडा उरला, त्याची एक टेकडीच झाली. आज तिच्यावर झाडी आहे.

आपल्या देशात दिल्लीत बुराडी येथे २००९ साली राडारोड्याचा कारखाना सुरू झाला. असे कारखाने आता इतर शहरांतही आहेत. तिथे काय चालते? ट्रक येतो. मोठे तुकडे, लाकूड, प्लास्टिक आधी वेगळे काढतात. मग दळणयंत्रात तुकडे फोडतात. लोहचुंबक सळयांचे तुकडे ओढून घेतो. माती धुऊन निघते. चाळण्यांतून जाड खडी, बारीक खडी आणि वाळू वेगवेगळी पडते. तिच्यापासून फरसबंदीच्या विटा आणि ठोकळे होतात. रस्त्याखालच्या थरालाही ती चालते.

अशी खडी काँक्रीटला चालते का? भारतीय मानक ब्यूरोने २०१६ साली तिला परवानगी दिली. सळई नसलेल्या साध्या काँक्रीटमध्ये खडीच्या शंभर भागांतले २५ भाग अशा खडीचे चालतात. सळईच्या, फार ताकदीच्या नसलेल्या काँक्रीटमध्ये २० भाग चालतात. पायाखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये सगळीच चालते. पण ही खडी तपासलेली असावी लागते. घरी घणाने फोडलेले तुकडे आपल्या नव्या स्लॅबात घालू नका. ते भरावाला, वाटेला आणि शोषखड्ड्याला ठेवा.

याबाबत कायदाही आहे. केंद्र सरकारने २०१६ साली राडारोड्याचे वेगळे नियम केले. ज्याचे बांधकाम, त्याच्यावर राडारोड्याची जबाबदारी, असे त्यांत सांगितले. रस्त्यात, नाल्यात तो टाकू नये, असेही सांगितले. ज्याचा राडारोडा एका दिवसात २० टनांहून किंवा एका महिन्यात ३०० टनांहून जास्त निघतो, त्याने काँक्रीट, माती, विटा आणि मसाला, तसेच लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार भाग वेगळे केले पाहिजेत, असा तो नियम होता. पुढे २०२५ साली सरकारने नवे नियम काढले आणि ते १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्याचे ठरवले. मोठ्या बांधकामांची जबाबदारी त्यांत आणखी वाढवली आहे. आपले घर लहान असले, तरी वेगळे ठेवण्याची रीत लहान-मोठ्या सगळ्यांना लागू पडते.

ओढा विसरत नाही

आता थोरल्या भावाकडे परत येऊ. त्याचा राडारोडा ओढ्यात पडला होता.

ओढा वर्षातले आठ महिने कोरडा असतो. त्यामुळे ती जागा मोकळी आहे, असे माणसाला वाटते. पण ती मोकळी नाही. ती पाण्याची आहे. पाणी आठ महिने बाहेरगावी असते, एवढेच. मालक परगावी गेला, म्हणून आपण त्याच्या घरात आपले सामान भरतो का?

श्रावणात एका रात्री जोराचा पाऊस झाला. पाणी आले आणि राडारोड्याला अडले. त्याने दुसरी वाट काढली. ती वाट खालच्या वस्तीतून गेली. ज्या चार गड्यांनी मजुरीने तो राडारोडा वाहिला होता, त्यांच्याच घरात गुडघाभर पाणी शिरले. एकाची वर्षाची ज्वारी भिजली. एकाच्या दोन शेळ्या गेल्या. थोरल्याचे घर उंचावर होते. त्याला काही झाले नाही.

नेहमी असेच होते. राडारोडा उंचावरच्या घराचा असतो आणि पाणी खालच्या घरात शिरते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात कुठलेही शहर बुडाले असते, हे खरे. पण तिथल्या मिठी नदीचे पात्र भराव घालून आणि बांधकामे करून आधीच आवळलेले होते. पाण्याला जायला वाट नव्हती. त्यामुळे हाल वाढले. आपल्या गावातली पुष्कळ माणसे तेव्हा मुंबईत होती. त्यांना विचारा.

सकाळी थोरला खाली वस्तीत गेला. त्यातला एक गडी चिखल उपसत होता. तो रागाने बोलला नाही. एवढेच म्हणाला, "मालक, माती तुमची, ट्रॅक्टर तुमचा, पर घमेलं मीच रिकामं केलं." थोरल्याला उत्तर सुचले नाही. त्याने फावडे उचलले आणि तोही उपसायला लागला.

पंचायतीने काय करावे?

एकट्याने वेगळे ढीग करून भागत नाही. ढीग ठेवायला जागा लागते. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने गावाबाहेर, ओढ्यापासून आणि विहिरींपासून दूर, उंचवट्यावर राडारोड्याची एक जागा नेमावी. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने तिथे आणून टाकावे, ज्याला हवे त्याने न्यावे. जुनी पडकी विहीर ही राडारोड्याची जागा नव्हे. ती बुजवली, तर पावसाचे पाणी जमिनीत जाण्याची एक वाट बंद होते.

सार्वजनिक रस्त्यातला आणि मोकळ्या जागेतला अडथळा दूर करण्याचा अधिकार पंचायतीला १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने दिलेला आहे. तो अधिकार वापरावा. पण नुसता दंड करून लोक ऐकत नाहीत. आधी जागा दाखवावी, मग दंड करावा.

त्या राडारोड्याचे गावाला दोन मोठे उपयोग आहेत. एक पाणंद रस्ता. खाली विटांचे आणि काँक्रीटचे मोठे तुकडे, त्यांवर बारीक, त्यांवर मुरूम, आणि मग रोलर. काच आणि खिळे आधी निवडून काढलेले हवेत.

दुसरा उपयोग शोषखड्ड्याचा. न्हाणीचे आणि हातपंपाचे सांडपाणी गल्लीत साचते, तिथे डास होतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल खड्डा घ्या. विहिरीपासून तो निदान पन्नास फूट दूर असावा. काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, म्हणून तिथे मुरूम लागेपर्यंत खणा. तळाला मोठे रोडे, मध्ये मध्यम, वर बारीक खडी भरा. माती आणि चुरा घालू नका, नाहीतर फटी बुजतात. तोंडाशी भोके पाडलेले जुने मडके बसवून त्यात काथ्या किंवा गवत घाला. त्यात घाण अडकते. ती अधूनमधून बदलत जा. गल्लीतला चिखल गेला, डास कमी झाले आणि फुटक्या विटाही सत्कारणी लागल्या.

धाकटा चुकला का?

आता शेवटचा हिशेब. धाकट्याची मजुरी जास्त गेली, हे खरे. पंधरा दिवस गेले, हेही खरे. पण त्याला जोत्यासाठी दगड विकत घ्यावा लागला नाही. भरावासाठी मुरूम आणावा लागला नाही. चौकटींचे लाकूड घरचे निघाले. गोठा जुन्या विटांत आणि जुन्या कौलांत उभा राहिला. लोखंडाचे रोख पैसे आले. थोरल्याने हे सगळे विकत आणले, आणि वर राडारोडा वाहून नेण्याचे ट्रॅक्टरचे भाडेही दिले.

दर गावाचा भाव वेगळा असतो. त्यामुळे प्रत्येकाला किती रुपये वाचतील, हे आम्ही इथून सांगू शकत नाही. तुम्हीच कागद घ्या. आता तुम्हाला लिहिता येते. एका बाजूला लिहा, उतरवायची मजुरी किती. दुसऱ्या बाजूला लिहा, दगड, विटा, लाकूड, लोखंड आणि भराव नवा आणायला किती लागले असते. दोन्ही बेरजा करा. एखादे वेळी बेरीज तुमच्या विरुद्धही जाईल. तेव्हा त्याच कागदाच्या खाली आणखी एक ओळ लिहा, ओढ्याखाली किती घरे आहेत.

पुढच्या उन्हाळ्यात थोरल्याने स्वतःचा ट्रॅक्टर लावला. धाकटा आला, ते चार गडीही आले. ओढ्यातला राडारोडा सगळ्यांनी मिळून बाहेर काढला. त्यातून काच आणि पत्रे निवडताना थोरल्याचे हात दोनदा कापले. निवडलेले रोडे वस्तीतल्या शोषखड्ड्यांना गेले, उरलेले पाणंदीच्या रस्त्याखाली गेले.

निवडत असताना त्याला मातीत एक पितळी कडी सापडली. बापाच्या घराच्या पुढच्या दाराची. त्याने ती धोतराला पुसली आणि घरी नेली.